काळा धूर आणि आमचे साहेब

चहा होत राहील, आधी हे ऐका, माझा राग अजून गेला न्हाई. रोज मी गाडी घेऊन वसमतहून कुरुंद्याच्या शाळेत शिकवायला जाते. महिनाभर गाडी काळा धूर सोडून राहिली होती, आत पेट्रोलचा वास यायचा. मेकॅनिकनं प्लग काढले, तर ते काजळीनं काळे झालेले. म्हणला, "मॅडम, तुमी ॲक्सिलेटर लई दाबता. साहेबांना चालवू द्या." एअर फिल्टर बदलला, तरी धूर तसाच.

काल नवऱ्याला घेऊन पुन्हा गेले. मी विचारलं, "इंजिन तापलं तरी काटा थंडच काहून दाखवतो?" मेकॅनिक नुसता हसला. मग मीच बोनेट उघडून शोधलं. तापमानाच्या सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली होती! इंजिन थंडच हाय समजून गाडी जास्तीचं पेट्रोल ओतून राहिली होती. त्याच्यासमोर वायर जोडली, टेप गुंडाळली. थोड्या वेळात धूर बंद.

तर तो नवऱ्याकडं वळून म्हणतो, "साहेब, बराबर पकडलं तुमी!"

अन् आमचे साहेब, ज्यांना बोनेट कुठून उघडतं तेबी माहीत न्हाई, ते म्हणले, "व्हय, ध्यान द्यावं लागतं!"