आसरांचं हिरवं लुगडं

जन्म माझा तळ्याकाठचाच, आमी भोई, माय मला कडंवर घिऊन अणदूरच्या बाजारात मासं विकायची, लगीन झालं ते बी ह्याच तळ्याच्या पल्याड, म्हंजी बघा, हे पाणी काय सुटलं न्हाय.

आता काय सांगू तुम्हाला, ह्या पाण्यात साती आसरा हायत, पाण्याच्या देवी. काठाला सात धोंडं दिसतात न्हवं, तेच. कोपल्या तर पोटुशी बाई अन् लेकरू धरतात म्हणून समदा मुलूख भितो, नवस बोलतो, फेडाया हिरवं लुगडं पाण्यात सोडतो. पयलं सुताचं असायचं, कुजून जायचं. आता दुकानातलं सगळ्यात हलकं, चकचकीत नायलॉनचं, ते काय कुजतंय व्हय? उन्हानं इरतं, धागं सुटतात. मासा चिरला की पोटात हिरवी लव, म्या आपली धुवून टाकायची. मग कॉलेजच्या बाई आल्या, पाणी गाळलं, भिंगातून दाखवलं, म्हणल्या मावशी, डोळ्याला दिसंना इतकं बारीक झालंय हे, तुमच्या हंड्यात बी हाय. पोटात जाऊन काय करतंय म्हणलं, तर म्हणल्या अजून पुरतं कळलं न्हाय. त्याचंच मला जास्त भ्या वाटलं.

तवाधरनं म्या काठाला बसते, येणाऱ्या बाईला सांगते, ओटी भर, नारळ ठिव, लुगडं माघारी ने. कुणी ऐकतं, कुणी म्हणतं म्हातारी चळली. चळली तर चळली.

अन् एक दिस माझीच लेक आली, सुनंदा. लई वर्सं पाळणा हलला न्हवता, आता सातवा लागलेला, अन् पदराखाली लुगडं. मला न सांगता नवस बोललीवती. म्या आडवी आले. रडली, म्हणली आये, दुसऱ्याला अडवलंस ते अडवलंस, माझ्या बाळाला काय झालं तर तू देणार हायस का? पण तिला दिल्या गावाचा नळ बी ह्याच तळ्यावरचा. म्या म्हणलं, बाई, हे पाणी तुझ्याच पोटात जातंय. अन् लुगडं हिसकून घेतलं. तशीच गेली, वळून बघितलं न्हाय. दोन म्हयनं झालं, फोन बी उचलत न्हाय.

आज पहाटं तिला कळा सुटल्या, धाराशिवला दवाखान्यात नेलीया, जावयानं फोनवर सांगितलं. तिची सासू म्हणतीया, वाईट झालं तर तुझ्या आईमुळं. खोटं कशाला बोलू, सकाळी म्या ते लुगडं घिऊन पाण्यात उतरलेवते. गुडघ्यापतूर गेले. लुगडं हातातनं काय सुटंना.

मग आसरांना म्हणलं, बायांनो, अडवलं म्या, तिनं न्हाय. कोपायचं तर माझ्यावर कोपा, म्या इथंच हाय. माघारी येऊन बसले ते अजून बसलीया, फोन वाजंना. तुमी बी जाताना तिच्या नावानं हात जोडा. सुखरूप सुटू दे माझी लेक, तिचं बाळ हेच पाणी पिणार हाय.