कोपऱ्यातला वूफर

"वूफर कोपऱ्यात नको ठेवू, भिंतीपलीकडे शेजारच्या किसनरावांची खाट आहे," असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा वर्षालीनं ते हसण्यावारी नेलं होतं. सोफ्यावर बसलं की गाण्यातला बेस, तो खालचा घुमारा, धड ऐकूसुद्धा येत नसे. उलट तीच आवाज वाढवायची.

आज देवळीच्या स्टँडवर तान्ह्या लेकीला खांद्यावर थोपटत ती बसची वाट पाहत होती. मागच्या बाकावर एक बाप-लेक गप्पांत रंगले होते.

"बाबा, तुमची खुर्ची खोलीच्या मधोमध! तिथं बेस मरते!"

"म्हणून तं आवाज वाढवून राह्यलो होतो!"

"अन् कोपऱ्यातला वूफर भिंत हलवून राह्यला होता. मग मी वूफरच तुमच्या खुर्चीवर ठेवला, अन् खोलीभर रांगत आयकत फिरली."

"पोरगी येडी झाली, वाटलं मले!"

"जिथं कानाले गोड लागलं, तिथं वूफर ठेवला. आता?"

"आता ढोलकी छातीत वाजते, स्वीटे! अन् आवाज निम्मा!"

"अन् भिंतीपल्याडची आनंदाबाई? पावसाळाभर ओसरीत झोपली ते."

"मंग मले काऊन नाई बोलली?"

"तुम्ही खुश होते म्हणून."

"अरे देवा!"

"काल खाट आत घेतली तिनं!"

"खरंच? चाल, जिलेबी घेऊ तिच्यासाठी!"

बस लागली. पायरीवरूनच वर्षालीनं नवऱ्याला फोन लावला.

"वूफर कोपऱ्यातून काढ आधी. मग किसनरावांकडे जा, खाट कुठं आहे ते बघ."

तुमच्याही भिंतीपलीकडे कुणी झोपत असेल. जरा जाऊन बघून या ना.