पेडल कडक झालंय रे, दीपक

वहिनी, सायली बेटा, आणि एवढ्या गारठ्यात, पावसात अल्बनीच्या या हॉलपर्यंत आलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला सांगितलंय आणि मला बोलता येत नाहीये. दीपक असा ऑफिसात बसल्या जागी गेला, याचं दुःख आहेच. ते तुम्हालाही आहे. पण खरं सांगू? मी वैतागलोय. दीपकवर वैतागलोय. देवाला चांगली माणसं आवडतात वगैरे मी आज बोलणार नाही. देवाला आवडली असतील, पण आमचं काम अर्धवट होतं ना!

त्याची ती लाल गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. जुनी जपानी, दोनच सीटांची, दिवे टोपणासारखे वर उघडणारी. पुण्यात पोस्टरवर पाहिलेली गाडी इथे परदेशात येऊन घेतली याचा कोण आनंद त्याला! आणि मग ती वॉरंटला, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायच्या तपासणीला, नापास झाली. पुढचे ब्रेक धरून बसले होते. कॅलिपर म्हणजे चाकाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारा तो भाग, त्यातले पिस्टन गंजले होते. मी म्हटलं, गॅरेजात टाक. तर म्हणे, "ईस्ट टामाकीत आख्ख्या फॅक्टरीची मशीनं मी चालू ठेवतो, आणि माझ्या गाडीचे ब्रेक दुसरा कोणी करणार?"

मग काय! मी दर शनिवारी एवढ्या लांबून, रोटोटुनाहून यायचो. हा गॅरेजमध्ये पायात रबरी जँडल घालून, अंगात दोन स्वेटर, हातात टूथब्रश. पिस्टन घासतोय. रबरी सील नखाने चाचपतोय. वहिनी चहा ठेवून जायच्या, तो गार व्हायचा.

आणि पॅड! ब्रेक पॅडवरून आम्ही किती भांडलो ते वहिनींना विचारा. याला रेसच्या गाडीचे पॅड हवेत. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. अरे बाबा, सकाळी मोटरवेवर आपण पळत नाही, उभे असतो! ते तापणार कधी? मी म्हणायचो, साधे रस्त्यावरचे घे. तो म्हणायचा, "स्पोर्ट्स कारला साधे पॅड? पुरणपोळीवर डालडा घालशील का?" हे भांडण कधी मिटलंच नाही. दोन्ही पॅडचे डबे फळीवर शेजारी शेजारी पडून राहिले.

तर कॅलिपर तयार झाले, आणि आला दसरा. आमच्याकडे हत्यारांची, गाडीची पूजा होते. दीपक म्हणाला, नवे केलेले कॅलिपर आधी पाटावर, मग गाडीवर. ठीक आहे. वहिनींनी कुंडीतली झेंडूची फुलं दिली. पण तेलकट लोखंडावर कुंकू काही टिकेना. याने काय करावं? स्प्रे मारून दोन्ही कॅलिपर लख्ख पुसले. मग फोटोत शोभून दिसावेत म्हणून पाटावर इकडचा तिकडे, तिकडचा इकडे केला. नारळ फुटला. आरती झाली. आम्ही ते उचलले आणि बसवून टाकले.

त्यानंतर ब्रेकच्या तेलातली हवा काही निघेना. पेडलवर पाय ठेवला की इडलीवर ठेवल्यासारखा. तो चाकापाशी आडवा, मी आत सीटवर. तो ओरडायचा, "दाब!" मी दाबायचो. "धरून ठेव!" मी धरून ठेवायचो. तो कॅलिपरवरचा हवेचा स्क्रू उघडायचा, नळीतून बाटलीत बुडबुडे यायचे, स्क्रू बंद करायचा, मग म्हणायचा, "सोड!" दाब, धर, सोड. दसऱ्यानंतर येणारा इथला आख्खा उन्हाळा. इतर लोक पोहायचे टॉग्ज घेऊन समुद्रावर जायचे, आम्ही दाब, धर, सोड. आणि ग्रुपवर तुमचे सगळ्यांचे सल्ले! पाइप बदल. पंप बदल. गाडी बदल.

शेवटच्या शनिवारी तो हात पुसत म्हणाला, "नाही जमलं रे. माझेच सील चुकले असणार." हात पुसत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या तोंडून "नाही जमलं" मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग हे असं झालं.

मागच्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ती गाडी न्या कुठेतरी. मला बघवत नाही." भंगारवाल्याला बोलावलं. नवे केलेले कॅलिपर तेवढे काढून ठेवावेत म्हणून मी चाकापाशी आडवा झालो, त्याच्या जागेवर. आणि पाहतो तर हवेचा स्क्रू खाली!

खाली! हवा वर जाते हे शाळेतलं पोर सांगेल. तो स्क्रू वरच्या टोकाला असायला हवा. डावा कॅलिपर उजवीकडे बसला होता आणि उजवा डावीकडे. कुंकू टिकावं म्हणून मारलेल्या त्या स्प्रेने, त्याने स्वतःच मार्करने घातलेल्या डाव्या-उजव्याच्या खुणा पुसल्या होत्या! आम्ही दोघं इंजिनिअर. आमचे डोळे कायम बाटलीतल्या बुडबुड्यांवर. स्क्रू कुठे आहे ते कोण बघतंय?

मी तिथेच बसून त्याला शिव्या घातल्या. मोठ्याने. वहिनी धावत आल्या.

बाजू बदलल्या. वहिनींना म्हटलं, आत बसा. दाबा. धरून ठेवा. स्क्रू उघडला आणि भस्सकन हवा निघाली. बंद केला. आणि पुढचा शब्द मला म्हणता येईना. वहिनी वरून विचारत होत्या, "भाऊजी, सोडू का? भाऊजी, पाय भरून आलाय, सोडू का?"

पेडल दगडासारखं कडक झालं. सीलमधून एक थेंब गळत नाही. वहिनी गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, "भंगारवाल्याला तुम्ही फोन करताय की मी करू?" परवा वॉरंट झालं. तपासणारा म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे एकदम झकास. गाडी बाहेर उभी आहे. वहिनी आणि सायली तिच्यातूनच आल्यात.

पॅड मी साधे लावलेत. म्हणजे वाद मी जिंकलो. आणि समोर भांडायला कोणी नाही. सांगा, काय करू मी या जिंकण्याचं?

दीपक, तुझे सील बरोबर होते रे. सगळं जमलं होतं. हे तुला सांगायला एक शनिवार हवा होता मला. एवढंही थांबता आलं नाही तुला?

चला, उभे राहू या. काही न बोलता. कधी थांबायचं ते मी सांगणार नाही, मला तो शब्द अजून जमत नाही.

वहिनी, तुम्ही सांगा.