हौदाभर बर्फ

आमचं मूळ लासूर स्टेशनच्या वरच्या अंगाचं, मेंढरंवाल्यांचं घर. अण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मेंढरांच्या मागं चालले, आठ-आठ महिने मुलूख फिरायचे, आणि मला लहानपणापासून चालायचाच कंटाळा, काय सांगू तुम्हाला, बसल्या जागेवरून कुठंतरी पोचता येईल असा धंदा मी हुडकत होतो आणि तो पिकअपच्या स्टेरिंगमागं सापडला. अण्णा म्हणाले, भानुदास, मेंढरू हाकलं तर पोट भरतं, लोखंड हाकून काय मिळणार. मी म्हणलं, अण्णा, लोखंड लेंड्या टाकत नाय. त्यावर ते काठी उचलून मेंढरांमागं निघून गेले.

मग मी शहरात, मुकुंदवाडीत खोली केली. उन्हाळ्यात कारखान्यातून बर्फाच्या लाद्या भरायच्या आणि गुलमंडीत सरबतवाल्यांना पोचवायच्या, बाकीच्या दिवसांत लासूरच्या बाजारातून कांदा आणायचा. लाद्यांचं काम लई नेमाचं. गाडीच्या मागच्या हौद्यात खाली भुसा, मधी लाद्या, वर बारदाना, वरून दोरी. भरल्या लाद्यांची गाडी काय चालायची म्हणता, म्हैस पाण्यात बसावी तशी रस्त्यावर बसून चालायची, हलायचं नाव नाय. आणि दुसरा नेम म्हणजे माल उतरला की हौदा झाडायचा. बर्फाचा भुसा कांद्यात गेला तर कांदेवाला शिव्या देतो, कांद्याचा पाला बर्फाला लागला तर सरबतवाला. म्हणून सीटमागं माझा झाडू कायम. बायको म्हणते, घरात कधी हातात घेतला नाय, गाडीत मात्र नवरीला जपावं तसा जपतो. तो झाडू ध्यानात ठेवा, पुढं येतोय.

तर माझे दाजी, थोरल्या बहिणीचे मालक, ते तिकडं हिमाचलात लई उंचावर एका बोगद्याच्या कामावर स्टोअर सांभाळायचे. त्यांचा फोन आला, की पाव्हणं, थंडीत इथं ड्रायव्हर टिकत नाय, येता का, पण साहेब विचारायलेत बर्फाची सवय आहे का. मी म्हणलं, सांगा त्यांना, पंधरा वर्षं बर्फावरच पोट आहे. आता यात खोटं काय होतं. दाजींनी ते तसंच साहेबांना सांगितलं आणि वर आपल्या पदरचं घातलं, की माणूस बर्फातच लहानाचा मोठा झालाय.

गेलो. तिसऱ्या दिवशी साहेबांनी पिकअपची चावी दिली. कॅम्प उताराच्या तळाला होता आणि मी वरून रिकामी गाडी घेऊन ऐटीत उतरत होतो, एक हात खिडकीवर, थंडीत बोटं आखडली तरी हात खिडकीवरच. समोर कॅम्प आला तसा मी आपल्या जालना रोडवर दाबतो तसा ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी फिरली. आधी मला डोंगर दिसला, मग दरी दिसली, मग परत तोच डोंगर, आणि शेवटाला लई हळू, पाव्हण्यांनी दारावर थाप मारावी तशी, गाडी मागच्या बाजूनं संडासाच्या पत्र्याला जाऊन टेकली. आत साहेब होते. ते बाहेर आले ते एका हातानं पँट धरून, आणि पहिला प्रश्न माझ्याकडं बघून नाय, दाजींकडं बघून केला. म्हणाले, हा बर्फात वाढलेला माणूस का.

तवापासून चावी माझ्याकडून गेली. मेसमध्ये एका खिळ्याला लटकायची आणि त्या खिळ्याखाली दोरजे चाचा जेवायला बसायचा. दोरजे चाचा तिथलाच, साठीचा, चेहरा वाळलेल्या खारकेसारखा. साहेब म्हणाले, याला चाचा पास करील तवाच चावी, नायतर महिनाअखेर गाडीत बसवून गावी. आता मला गावाची भीती नव्हती, पण दाजींनी माझ्यासाठी शब्द टाकलेला, त्यांना मेसमध्ये लोक चिडवायचे, संडासवाल्याचे पाव्हणे म्हणायचे, आणि बहिणीला मी काय तोंड दाखवू. म्हणून रोज चाचाच्या बाजूच्या सीटवर बसायचं, फावड्यानं बर्फ सारायचा आणि शिकायचं.

चाचा बोलायचा कमी. मागच्या चाकांच्या वर हौद्यात रेतीची आठ पोती कायम असायची. पिकअपचं तोंड जड आणि ढुंगण हलकं, बर्फावर हलकं ढुंगण आधी नाचतं, म्हणून मागं वजन पाहिजे, हे त्यानं मला एकदाच सांगितलं आणि मी दोनदा मान हलवली. रात्री हँडब्रेक ओढायचा नाय, गोठतो. उतारावर ब्रेकला पाय लावायचा नाय, पहिला गेर टाकून गाडीला तिच्या मनानं उतरू द्यायचं.

महिना संपायला चार दिवस होते. कामावरच्या माणसांच्या वरच्या ठाण्यावर राशन पोचवायला आम्ही दोघं निघालो. पोचलो, चाचा आत चहा प्यायला गेला, मला म्हणाला माल उतरव. मी म्हणलं आज चाचाला काम दाखवू. सगळा माल उतरवला. सगळा म्हणजे सगळा. वर झाडू काढला आणि हौदा असा लख्ख झाडला, की त्यात पंगत बसवावी. व्हय, तुम्ही हसायले, तुम्हाला कळलं. मला कळलं नव्हतं.

परतताना दुसऱ्या वळणावर गाडीचं मागलं अंग दरीकडं निघालं. चाचानं कशी कोण जाणे ती डोंगराकडच्या बर्फाच्या भिंतीला घासून थांबवली. चावी काढून खिशात घातली, खाली उतरला, हौद्यात बघितलं. मग म्हणाला, भानुदास, रेती कहाँ है. मी म्हणलं, चाचा, उतार दिया ना, झाडू भी मारा. तो माझ्याकडं यायला निघाला, मारायला का कशाला ते आजवर सांगत नाय, पण तिसऱ्या पावलाला घसरला आणि उजवा हात खाली घेऊन पडला. मनगट सुजून वांग्यासारखं झालं.

आता बघा. माघारी चढ, रिकामी गाडी चढणार नाय. चाकांना चेन होत्या, पण वर वजन नसलं की चेन नुसती बर्फ खरवडते. फोनला रेंज नाय. आणि ऊन कड्यामागं गेलं की रस्त्यावरचं पाणी परत गोठतं, मग त्या रस्त्यावरून कावळाबी उतरत नाय. चाचा दगडावर बसून हात पोटाशी धरून कण्हायलेला, आणि मी माझ्याच हातानं झाडलेल्या हौद्याकडं बघतोय. काय चकाचक होता हो. आणि बघता बघता मला गुलमंडी आठवली. म्हणलं अरे भान्या, पंधरा वर्षं तू गाडीत काय भरलं, आणि इथं तुझ्या चहूकडं काय पडलंय.

फावडं घेतलं आणि हौदा बर्फानं भरायला लागलो. भरायचं, वर चढून पायानं तुडवायचं, परत भरायचं. चाचाला वाटलं माणूस कामातून गेला, तो त्याच्या भाषेत कायतरी देवाचं म्हणायला लागला. तासाभरात गच्च थर बसला, वर सीटमागं कोंबलेले राशनचे रिकामे बारदाने टाकले, दोरी आवळली, मागचा फाळका लावला, अगदी कारखान्याच्या नेमानं. गाडी मागून दाबली गेली तशी मला ओळखीची वाटली, म्हैस बसली होती. तवा चाचा देवाचं सोडून गाडीपाशी आला. चावी त्याच्या उजव्या खिशात आणि हात तोच मोडलेला. माझ्याकडं न बघता म्हणाला, निकाल ले.

पहिला गेर टाकला. मला अण्णा दिसले, ओल्या उतारावरनं मेंढरं उतरवताना. कधी ओरडायचे नाय, काठी उगारायचे नाय. काठी उगारली की मेंढरं एकमेकांच्या अंगावर पडून घसरतात. म्हणलं ब्रेक म्हणजे काठी, उगारायची नाय. तरी एका वळणाला मागलं अंग वीतभर सरकलं आणि माझा पाय आपोआप ब्रेककडं गेला, तसा चाचानं डाव्या हातानं माझा कान धरला. तो कॅम्प येईस्तोवर सोडला नाय. सगळी वळणं मी कान दुसऱ्याच्या हातात देऊन उतरलो, पण सरळ उतरलो, आणि कॅम्पात गाडी जिथं थांबवायची तिथंच थांबली.

सगळे बाहेर आले. साहेबांनी विचारलं, वरून काय आणलं. मी म्हणलं, बर्फ, साहेब. दाजींनी तोंड फिरवलं. पण चाचा उतरला, हौद्यावर थाप मारली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, चाबी इसके पास रहेगी. मग सीटमागून माझा झाडू काढला आणि डाव्या हातानं संडासाच्या छपरावर फेकून दिला. झाडू कॅम्पात राहील, असं म्हणाला. दाजी त्या दिवशी दोन ताटं जेवले.

असे तीन हिवाळे काढले. मग अण्णांचे गुडघे गेले, मी परत आलो. आता परत लासूरचा कांदा आहे, आणि अण्णा, ज्यांना लोखंडाचा राग होता, ते रोज पुढच्या सीटवर बसून येतात, रस्त्यावर मेंढरं दिसली की काच खाली करून मोजतात. पावसात काळ्या मातीचा रस्ता बर्फाहून वाईट, म्हणून माझ्या हौद्यात मातीची चार पोती कायम, व्यापारी विचारतात ही कशाला, मी म्हणतो माझी अक्कल आहे, मागं ठेवलीय.

तिकडं पहिला बर्फ पडला की चाचाचा फोन येतो. हालहवाल नंतर, आधी विचारतो, रेती है. म्हणतो, हाय चाचा, माती हाय. मग विचारतो, झाडू. म्हणतो, बायकोपाशी. तवा तो हसतो, दमेकरी हसणं, लई वेळ चालतं, आणि म्हणतो, तो फिर जा बेटा, आराम से जा.