खाली केलेला अंगठा

"माझं पोर तुम्हीच मारलंत!" हवाई दलाच्या कचेरीत वैमानिकाची आई खिडकीपलीकडच्या साहेबावर कडाडली.

"बाई, आम्ही फक्त उड्डाणं ठरवतो. विमानाची तपासणी जमिनीवरच्यांकडे. त्यांचा मेकॅनिक अटकेत आहे."

"आकाश तुमचं, जमीन त्यांची, मग माझं पोर पडलं कुठं?"

मागं बाकावर बसलेली एक बाई उठली. "मावशी, तो मेकॅनिक माझा नवरा. इंजिन बिघडलंय म्हणून त्यांनी अंगठा खाली केला होता."

"अंगठा वर झाल्याशिवाय विमान हलत नाही, पोरगा सांगायचा."

"वरून फोन आला. यांना हटवून दुसऱ्याला उभं केलं, त्यानं अंगठा वर केला."

"फोन कुणाचा?"

"तेच विचारलं म्हणून तर यांना आत टाकलंय."

साहेब खिडकी ओढून बंद करू लागला. आईनं फटीत हात घातला.

"चिरडा हात! पण फोन कुणी केला, ते सांगा!"