स्तुतीचा उलटा अर्थ

दुसऱ्याच्या वाट्याची स्तुती त्याला निंदा म्हणून सांगणे हे चोरीपेक्षा लहान पाप आहे, असे तुम्हांला वाटते का?

वाघांच्या जंगलाच्या मोहर्ली गेटवर एका पर्यटक बाईंनी वामन गाईडला हात जोडून 'इनव्हॅल्युएबल' म्हटले. गाईडांत इंग्रजी सुरेशला येई, म्हणून वामनने त्यालाच अर्थ विचारला. सुरेश मत्सराने म्हणाला, "'इन' म्हणजे नाई. तुही काईच किंमत नाई, म्हणते बाई."

वामन गाईडकी सोडायला निघाला. देवळात मला गाठून म्हणाला, "गुरुजी, हसून, हात जोडून कोनी असं बोलते काय?"

मी म्हणालो, "अरे, किंमत करता येणार नाही इतका तू मोलाचा आहेस, असे त्या म्हणाल्या."

"मंग सुरेशले मालूम नव्हतं काय?"

सुरेशला बोलावले. तो मान खाली घालून म्हणाला, "मालूम होतं, गुरुजी."

गाईडांनी बैठकीत शिक्षा ठरवली. पावसाळ्यात जंगल बंद होईपर्यंत पर्यटक वामनची जी स्तुती करतील, तिचा खरा अर्थ सुरेशने गेटवर सर्वांसमोर मोठ्याने सांगायचा.

ईश्वराची योजना अशी की, त्या हंगामात वामनच्या गाडीला जवळजवळ रोज वाघ दिसला.