सहीआधीची फरशी

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर नंबराची वाट बघणाऱ्या मृण्मयीने हातातलं पुस्तक हळूच मिटलं. शेजारी राजस्थानातून आलेले फरशीवाले भंवरलाल, त्यांची बायको गोमती आणि अशा कुटुंबांना पहिलं घर घ्यायला मदत करणाऱ्या उत्तराताई बसल्या होत्या.

“गोमती, सही कर गं. घर तुझ्या नावावर होतंय.”

“ताई, आधी यांना विचारा, त्या घरातली फरशी कुणी बसवली?”

“मीच की! पाथर्डी फाट्याची ती अख्खी बिल्डिंग माझ्या हातची आहे.”

“म्हणूनच भीती वाटते. फरशीखाली सिमेंट-वाळूचा माल कुठे कमी भरला, ते विचारा.”

“काहीतरीच! म्हणजे... स्वयंपाकघरात असेल थोडा. ठेकेदार लय घाई करायचा, ताई.”

“अहो भंवरलाल, मग तेव्हाच सांगायचं ना!”

“तेव्हा काय माहीत, आम्हीच राहायला येऊ?”

“ऐकलंत, ताई? उखडून नव्याने बसवणार असतील तरच सही करते.”

“बसवतो बाई, रविवारीच बसवतो.”

“आणि बाकीच्या घरांतली?”

“ती कशाला?”

“ताई, यांना सांगा, ते लोक आता आपले शेजारी आहेत.”

“अगं, चोवीस घरं आहेत!”

“मग हा पेन परत घ्या, ताई.”

“राहू दे, राहू दे पेन! चोवीस तर चोवीस.”